वाचनालयात ईपुस्तके की छापील पुस्तके?

प्रश्न : दापोलीतील वाचनालयाने यापुढे ईपुस्तकेच घ्यावीत का?

उत्तर : ईपुस्तक, म्हणजे पडद्यावर वाचण्याची संगणकीय प्रत, कोकणातील दमट हवेतही बुरशी-वाळवीपासून सुरक्षित राहते आणि वृद्ध वाचकांसाठी तिची अक्षरे मोठी करता येतात, मात्र ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तालुक्यातील अनेक गावे कित्येक दिवस विजेविना राहिली, हे विसरून चालणार नाही. भारतात स्वामित्वहक्क, म्हणजे प्रती काढण्याचा कायदेशीर अधिकार, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे पालगडच्या साने गुरुजींची (निधन १९५०) हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०११ पासून ईप्रतींच्या रूपात मुक्तपणे देता येतात. नवे ईपुस्तक मात्र बहुधा केवळ वाचनाचा परवाना असतो आणि ते इतरांना देता येत नाही, तर वाचनालय उभे असते ते देवघेवीवरच. म्हणून स्वामित्वहक्कमुक्त साहित्य ईरूपात आणि नवी पुस्तके छापील घ्यावीत.