चेहऱ्यावरून ठरवू नका

स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाला भावनाच नसतात, असं अजूनही सर्रास बोललं जातं. मला हा आजार आहे, गोळ्या चालू आहेत, आणि हे साफ खोटं आहे हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

वडील गेले तेव्हा माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. दहाव्याला घाटावर आत्या कुजबुजली, "ह्याला काही वाटतच नाही गं." माझ्या पोटात तेव्हा पीळ पडला होता, चेहरा तेवढा हलत नव्हता. अमेरिकेत संशोधक ॲन क्रिंग आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली हेच तपासलं. चित्रपटांचे तुकडे बघताना रुग्णांच्या चेहऱ्यावर हावभाव कमी उमटले. पण आत काय वाटलं हे विचारल्यावर त्यांनी सांगितलेल्या भावना इतरांइतक्याच तीव्र होत्या.

दुसऱ्याचा चेहरा वाचतानाही घोळ होतो. मेंदूतला अमिग्डला हा बदामाएवढा भाग धोका हेरतो. या आजारात तो भेदरलेल्या आणि साध्या चेहऱ्यात इतरांइतका फरक करत नाही, साध्या चेहऱ्यानेही चाळवतो, असं एफएमआरआय या मेंदूच्या तपासणीच्या काही अभ्यासांत दिसलं आहे. वहिनी एकदा कॅलेंडरवर दुधाचे खाडे मोजत होती. कपाळाला आठी, ओठ पुटपुटताहेत. ही आता मला घराबाहेर काढणार, अशी माझी खात्रीच झाली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. हे कळल्यापासून ती आपणहून सांगते, "भाऊजी, तुमच्यावर नाही हं, खाडे जुळत नाहीयेत." माझा दिवस सावरतो.

घरच्यांनी एवढं जरूर करावं: स्वतःच्या मनातलं बोलून दाखवावं, आणि आमच्या मनातलं विचारावं. उत्तर यायला वेळ लागतो, तेवढं थांबावं. टोमणे तर नकोतच. सतत टीका होते त्या घरांत आजार जास्त उलटतो, हे व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी १९७६ मध्येच लंडनमध्ये दाखवून दिलं.

चेहरा थिजण्यामागे कधीकधी औषधही असतं. माझी चाल आखडली, ताटातला घास उचलताना हात थरथरायचा. आजार वाढला म्हणून घरात काळजी. डॉक्टरांनी माझा हात कोपरात वाकवून पाहिला, तो अडकत अडकत वळत होता. त्यांनी गोळी बदलली आणि हळूहळू सैल वाटू लागलं. असं काही दिसलं तर डॉक्टरांना नेमकं सांगा. आपल्या मनाने गोळी कमी किंवा बंद करू नका. डॉक्टर लगेच भेटत नसतील तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि तो घरच्यांसाठीही आहे.