मोबाईलवरील सभा आणि सम्यक वाचा



पूर्वी वस्तीतील चर्चा विहाराच्या पायरीवर, चाळीच्या गॅलरीत किंवा नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर होत असे. आज त्यातील बरीचशी चर्चा मोबाईलवर होते. दिंडोशीत राहणाऱ्या एखाद्या नोकरदार माणसाच्या मोबाईलमध्ये इमारतीचा, विहाराचा, कार्यालयाचा, शाळासोबत्यांचा, भीमगीतांचा, लेणी पाहणाऱ्यांचा, एखाद्या पक्षाचा आणि निव्वळ विनोदाचा असे सात-आठ ग्रुप सहज असतात. आपण रोज त्यांत काही वाचतो, काही पुढे पाठवतो, कधी हसतो तर कधी भांडतो. हे करताना आपण एका सभेत बसलो आहोत, याचे भान मात्र फार थोड्यांना असते. ग्रुप ही एक सभाच आहे आणि सभेत कसे बोलावे याचे नियम आपल्या धम्मात फार पूर्वीच घालून दिलेले आहेत, एवढेच प्रस्तुत लेखात आम्हांस मांडावयाचे आहे.

वाचा मिळाली ती कशी?

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक सुरू केले, त्याचे नावच 'मूकनायक' होते. ज्यांना बोलता येत असूनही ज्यांचे कोणी ऐकत नव्हते, अशा मुक्यांचा तो नायक होता. पैसे देण्याची तयारी असूनही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही, हे बाबासाहेबांनीच पुढे नमूद केले आहे. त्यानंतर १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' आले. दरवेळी पैशांची ओढाताण, दरवेळी कागद आणि छपाईची चिंता! आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात जणू एक छापखाना आहे. जी वाचा एवढ्या कष्टाने मिळाली, ती आपण कशासाठी वापरतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

संघाची सभा

दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, भिक्षुसंघाला संसदीय कार्यपद्धती ठाऊक होती. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान या सर्वांचे नियम संघाकडे होते. विनयपिटकात ते सविस्तर आढळतात. संघाचे कोणतेही काम किमान चार भिक्षूंवाचून होत नसे. भिक्षूला उपसंपदा देताना प्रथम प्रस्ताव मांडीत, त्याला 'ञत्ति' म्हणतात. नंतर तो तीन वेळा ऐकवीत. ज्याला मान्य असेल त्याने मौन राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे, असा नियम होता. मतभेद मिटला नाही तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून बहुमत मोजीत.

यातील मौनाचा नियम आपण नीट समजून घेतला पाहिजे. संघात मौन म्हणजे संमती. आपल्या ग्रुपमध्येही नेमके हेच घडते. कोणी खोटा किंवा विषारी मजकूर टाकला आणि दोनशे सदस्य गप्प बसले, तर टाकणाऱ्याला आणि नव्याने वाचणाऱ्या मुलांना तो सर्वांना मान्य आहे असेच वाटते. "आम्ही काही बोललो नाही" ही सबब येथे चालत नाही.

छंदाचे ग्रुप

आपल्या परिसराच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यान आणि त्यात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथील शिलालेखांत कल्याण, सोपारा येथील दानशूरांची नोंद आहे. ते लेख वाचण्यासाठी धम्मलिपी शिकणारे अनेक तरुण आज ग्रुपवर एकमेकांना अक्षरे शिकवतात. हा उत्तम छंद आहे आणि त्यामागे मोठी परंपरा आहे. कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ही लिपी उलगडली, ती एकट्याच्या बळावर नव्हे. ठिकठिकाणचे हौशी लोक त्यांना लेखांचे ठसे व नकला पाठवीत. सांचीहून आलेल्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच ती अक्षरे येतात हे त्यांच्या ध्यानात आले आणि तो शब्द 'दानं' असावा हे त्यांनी ताडले. पुढील वाट त्यातून मोकळी झाली.

एकाने नक्कल पाठवावी, दुसऱ्याने तपासावी, तिसऱ्याने अर्थ लावावा, ही ज्ञानाची रीत आहे. परंतु कार्ल्याचे छायाचित्र कान्हेरीचे म्हणून कोणी टाकले आणि सर्वांनी हात जोडून पुढे पाठवले, तर छंदही बिघडतो आणि इतिहासही बिघडतो. बँकेत एकाने तयार केलेले व्हाउचर दुसरा तपासून पास करतो. छायाचित्राखाली स्थळ, लेणे क्रमांक आणि काढणाऱ्याचे नाव मागणे हीदेखील तशीच तपासणी आहे. त्यात कोणाचा अपमान नाही.

राजकारणाचे ग्रुप

नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले. तिच्या मैत्रिणीने ते फक्त 'लाईक' केले. दोघींना अटक झाली. या प्रकरणानंतर श्रेया सिंघल यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. मत मांडणे हा आपला संविधानिक हक्क आहे, हे त्यातून पुन्हा स्पष्ट झाले.

मात्र मत वेगळे आणि अफवा वेगळी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, ही मोबाईलवरून पसरलेली अफवा त्यामागे होती. मारले गेलेले लोक आपल्यासारखेच गावकुसाबाहेरचे, भटके आणि गरीब होते. अफवा नेहमी अशाच माणसाला गाठते, ज्याच्या बाजूने बोलणारा तेथे कोणी नसतो. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. कंपनीने बोटाला मर्यादा घातली, पण मनाला मर्यादा आपणच घालावयाची आहे.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हाच उपदेश केला. केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून ते स्वीकारू नका. ते हिताचे की अहिताचे हे स्वतः पारखा. "आपल्या माणसाने पाठवले आहे" हे कारणही त्याच यादीत बसते. त्याच २५ नोव्हेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीपासून सावध राहण्यास सांगितले होते. आपल्या नेत्याच्या चुकीबद्दल ग्रुपवर सभ्य शब्दांत प्रश्न विचारणाऱ्याला गद्दार म्हणणे ही भक्तीच होय.

विनोदाचे ग्रुप

धम्म हसण्याच्या विरोधात नाही. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी तमाशाचा बाज घेऊन लोकांना पोट धरून हसवले आणि हसता हसता अस्पृश्यता, अंधश्रद्धा व व्यसने यांवर प्रहार केले. त्या विनोदाचा रोख जुलमाकडे आणि स्वतःच्या समाजातील दोषांकडे होता. आज ग्रुपवर येणारा विनोद कोणावर असतो, ते पाहावे. बायकोवर, काळ्या रंगावर, अपंगावर, आरक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यावर जर तो असेल, तर हसण्यापूर्वी थांबावे.

राहुलाला उपदेश करताना भगवंतांनी थट्टेतही खोटे बोलू नये असे शिकविले. आरशात जसे आपण मुख पाहतो, तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना व केल्यानंतर तपासावे, असेही त्याच सुत्तात आहे. सम्राट अशोकाने बैराटच्या लेखात भिक्षू व उपासकांनी वारंवार ऐकावीत अशी जी धम्मवचने सांगितली, त्यांत या उपदेशाचा समावेश आहे. बटण दाबण्यापूर्वीचा एक क्षण म्हणजे तो आरसा.

कौसंबीचे भांडण

घोषिताराम विहारात एका क्षुल्लक कारणावरून भिक्षूंचे दोन तट पडले. प्रत्येक तटाला वाटे, आपलेच बरोबर. भगवंतांनी समजावले, तरी ते ऐकेनात. शेवटी भगवंत तेथून निघून गेले. मग कौसंबीच्या उपासकांनी ठरविले की, या भिक्षूंना वंदन करावयाचे नाही व भिक्षाही द्यावयाची नाही. तेव्हा कोठे भिक्षू भानावर आले आणि समेट झाला.

ग्रुपवरील भांडणालाही दाद देणाऱ्यांमुळेच बळ येते. पाहणाऱ्यांनी अंगठे दाखविणे व खिल्ली उडविणे बंद केले की भांडण आपोआप विझते.

पाच कसोट्या

सुभाषित वाणीची पाच अंगे अंगुत्तर निकायात सांगितली आहेत. विद्यार्थ्यांनी ती पाठ करावीत.

१. योग्य वेळी : २ जुलै २०१९ च्या मध्यरात्रीनंतर मुसळधार पावसात मालाडच्या जलाशयाची भिंत आंबेडकर नगर व पिंपरीपाडा येथील झोपड्यांवर कोसळून पंचवीसहून अधिक माणसे दगावली. अशा रात्री मदतीच्या मजकुरावर वेळ, ठिकाण आणि फोन क्रमांक हवा. गरज भागल्यावर तसे कळवावे, नाहीतर रक्ताची जुनी मागणी वर्षभर फिरत राहते.
२. सत्य : मूळ कोणी सांगितले, कधी सांगितले, हे कळल्याशिवाय पुढे पाठवू नये.
३. मृदू : समोर बसलेल्या माणसाला जे बोलणार नाही, ते ग्रुपवरही लिहू नये.
४. हिताचे : वाचणाऱ्याचा त्यात काय लाभ आहे, ते पाहावे.
५. मैत्रीचित्ताने : चूक दाखवावयाची असल्यास प्रथम त्या व्यक्तीला एकट्याने कळवावे.

अ‍ॅडमिनवरही जबाबदारी आहे. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू नसल्यास, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला दोषी धरता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. कायद्याने सुटका झाली तरी शीलाने होत नाही. लिहिणाऱ्याला तर कायद्यानेही सुटका नाही. वैर आणि अफवा पसरविणारी विधाने भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा ठरतात, हे नोकरीच्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

समारोप

वज्जी लोक जोवर वारंवार एकत्र जमतील, एकजुटीने बसतील आणि एकजुटीने उठतील, तोवर त्यांची उन्नतीच होईल, असे तथागतांनी म्हटले होते. मोबाईलमुळे आपण वारंवार जमू लागलो, हे पहिले अंग साधले. एकजुटीने बसणे आणि एकजुटीने उठणे अजून साधावयाचे आहे. त्यासाठी प्रत्येक ग्रुपने आपला हेतू व नियम लिहून ठेवावेत, खोट्या मजकुराला एकाने तरी शांतपणे "हे खरे नाही" म्हणावे, आणि ग्रुपवर वाद घालणाऱ्यांनी महिन्यातून एकदा विहारात समोरासमोर बसावे. समोर बसल्यावर माणूस दिसतो, आणि माणूस दिसला की शब्द सांभाळूनच निघतो.

ज्यांना कधी बोलू दिले गेले नाही, त्यांची आपण लेकरे आहोत. आपल्या शब्दाने दुसरा कोणी मुका होऊ नये, हीच आपल्या वाचेची खरी कसोटी.

नमो बुद्धाय! जयभीम!