तेलाची खूण

मामांबरोबर मी जीपने घाट चढून आजोळी जाणार होतो. निघण्यापूर्वी मामांनी मला इंजिनातील तेल पाहण्यास सांगितले. मी तेल मोजण्याची पोलादी पट्टी उपसली. ती वरपर्यंत चकाकत होती. "मामा, तेल भरपूर आहे!" मी म्हणालो.

मामा हसले. "अरे, जीप आताच बाजारातून आली. इंजिन चालताना तेल सर्वत्र उडते, पट्टीच्या नळीलाही लागते. ते खाली उतरू दे."

त्यांनी जीप सपाट जागी उभी करून इंजिन बंद केले. दहा मिनिटांनी पट्टी फडक्याने पुसली, पूर्ण आत घातली व सावकाश बाहेर काढली. तेल नवे व नितळ असल्याने त्याची कड दिसेना. मामांनी पट्टी आडवी धरून उजेडात किंचित तिरपी केली. ओला भाग चमकला, कोरडा निस्तेज राहिला. मात्र एका बाजूस तेल वर, तर दुसऱ्या बाजूस खाली होते.

"यांतले खरे कोणते?" मी विचारले.

"खालचे. वरचे नळीला घासून लागलेले."

पट्टी पुसून पुन्हा पाहिले. तेल खालच्या खुणेला जेमतेम टेकले होते! मामांनी थोडे तेल ओतले, काही वेळ थांबून पुन्हा मोजले. ते दोन खुणांच्या मध्ये येताच आम्ही निघालो.

वाटेत मामा म्हणाले, "तेल कमी पडले, तर भाग घासून इंजिन जाम होते, फार झाले, तर त्याला फेस येतो."

माझ्या घाईच्या 'भरपूर'वर विसंबून आम्ही घाट चढलो असतो, तर?