वृद्धाश्रमातील वेदनाशमन

प्रश्न : वृद्धाश्रमातील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला पॅलिएटिव्ह केअर कधी सुरू करावी?

उत्तर : पॅलिएटिव्ह केअर ही केवळ शेवटच्या आठवड्यातली सेवा नव्हे; गंभीर आजाराचे निदान झाल्यापासून, मूळ उपचारांसोबतच ती सुरू करता येते. वृद्धाश्रमात खरी अडचण असते ती वेदना ओळखण्याची. आजार बळावलेला माणूस ‘दुखतंय’ असे सांगू शकत नाही. कूस बदलताना कपाळाला पडणाऱ्या आठ्या, अंघोळीच्या वेळी सेविकेचा झिडकारलेला हात, तोंडातच धरून ठेवलेला घास, हीच त्याची भाषा. त्याला हट्टी ठरवून झोपेची गोळी देणे हा अन्याय आहे. सौम्य वेदना बहुधा पॅरासिटामॉलने आटोक्यात येते. तीव्र वेदनेला डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन, आणि सोबत बद्धकोष्ठतेचे औषध हवेच. २०१४च्या कायदादुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले आहे. गिळणे मंदावल्यावर नळीने भरवून आयुष्य वाढते असे दिसलेले नाही. चमच्याने, जाईल तेवढेच भरवावे. व्हेंटिलेटरसारखे उपचार नको असतील, तर समज शाबूत असतानाच रुग्णाने तसे लिहून ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या आदेशानुसार त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते.