गंधपरीक्षा आणि तिच्या मर्यादा : चिन्नोर, मोह व सारिवा

सुश्रुताचार्यांनी सांगितलेल्या षड्विध परीक्षेत घ्राणेंद्रियाला स्थान आहे. औषधी द्रव्ये विकत घेतानाही आपण मूळ मोडून प्रथम नाकाशीच नेतो. ही परीक्षा कोठपर्यंत विश्वसनीय मानावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

गंधज्ञानाची प्रक्रिया

द्रव्यातून उडणारे सूक्ष्म रेणू श्वासाबरोबर नासागुहेच्या छताशी असलेल्या श्लेष्मल त्वचेत पोहोचतात. तेथील चेतापेशींवर ग्राहक प्रथिने असतात. लिंडा बक व रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली या ग्राहकांच्या जनुकांचे कुल शोधून काढले. २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उंदरात असे सुमारे एक हजार, तर मनुष्यात सुमारे चारशे कार्यक्षम जनुक आहेत. प्रत्येक चेतापेशीवर सामान्यतः एकाच प्रकारचा ग्राहक असतो. मात्र एक रेणू अनेक ग्राहकांना कमी-अधिक प्रमाणात उद्दीपित करतो आणि एक ग्राहक अनेक रेणूंना प्रतिसाद देतो. कोणते ग्राहक एकत्र जागे झाले, यावरून मेंदू गंध ओळखतो. म्हणूनच मोजक्या ग्राहकांवर असंख्य गंधांचे ज्ञान होते.

ही ओळख अतिशय सूक्ष्म असते. शेपू आणि पहाडी पुदिना यांतील कार्व्होन हे द्रव्य रासायनिक दृष्ट्या एकच. केवळ दोहोंतील रेणू परस्परांची आरशातील प्रतिमा असतात. तरीही नाक त्यांना भिन्न गंध म्हणून ओळखते.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण

भंडारा जिल्ह्यातील चिन्नोर तांदूळ शिजू लागला की घरभर सुवास दरवळतो. सुवासिक तांदळाच्या गंधातील प्रमुख घटक २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन हा होय. पाण्याच्या एक अब्ज भागांत त्याचा एक दशांश भाग असला तरी मनुष्याच्या नाकास तो जाणवतो. मोहाच्या फुलांतही हाच घटक आढळला आहे. इतकेच नव्हे, तर वाघ झाडाझुडपांवर जो खुणेचा द्रव उडवतो, त्यातही तो असल्याचे रतनलाल ब्रह्मचारी व सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केले. म्हणजे कोका अभयारण्यातील वाघाची खूण, वनातील मोह आणि शेतातील धान यांत एक गंधघटक समान आहे. समान गंधावरून समान द्रव्य असे अनुमान करता येत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

औषधालयातील प्रसंग

काही वर्षांपूर्वी आम्ही सारिवेची मुळे मागविली. गंध उत्कृष्ट होता, म्हणून माल स्वीकारला. चूर्ण करण्यापूर्वी लक्षात आले, की मुळे जाड व मांसल आहेत. खऱ्या अनंतमुळाची मुळे बारीक, तारेसारखी व चिवट असून त्यांची साल गडद व आडव्या भेगांची असते. आमच्याकडे आली ती डेकॅलेपिस हॅमिल्टोनी या दाक्षिणात्य वेलीची मुळे होती. दोन्हींचा सुगंध मुख्यतः २-हायड्रॉक्सी-४-मेथॉक्सीबेन्झाल्डिहाइड या एकाच घटकामुळे येतो. आमच्या नाकाने गंध अचूक ओळखला होता. चूक होती ती आमच्या निष्कर्षाची. तो माल तसाच वापरला असता, तर रुग्णास सारिवेच्या नावाने भलतेच द्रव्य गेले असते.

व्यवहारातील सूचना

१. प्रत्येक द्रव्याचा प्रमाणित नमुना घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून त्याच्याशी तुलना करावी.

२. एकच गंध सतत घेतल्यास नाक बधिर होते. दोन नमुन्यांमध्ये मोकळ्या हवेत थांबावे.

३. प्रतिश्याय असता गंधपरीक्षा करू नये. २०२० नंतर कोविडमुळे अनेकांची घ्राणशक्ती मंदावली. अशा सहकाऱ्याऐवजी दुसऱ्याकडून परीक्षा करवावी.

४. गंध जुळला तरी आकार, साल, भंग व रस पाहावेत. प्रयोगशाळेतही केवळ गंधघटकाची तपासणी पुरेशी मानू नये; सारिवेसारख्या द्रव्यात सूक्ष्मदर्शकीय परीक्षा आवश्यक आहे.

गंध जुळला नाही तर माल अवश्य परत करावा; मात्र केवळ गंध जुळला म्हणून स्वीकारू नये, एवढीच वैद्यबंधू-भगिनींना व औषधालय चालकांना आमची विनंती आहे.