फॅटी लिव्हर : निदानपरिवर्जनातील एक उणीव

सोनोग्राफीच्या अहवालावर 'फॅटी लिव्हर, ग्रेड १' एवढीच नोंद घेऊन येणारे रुग्ण आता आपल्यापैकी प्रत्येकाच्या चिकित्सालयात येतात. आध्मान, अम्लोद्गार, उजव्या कुशीत जडपणा अशा तक्रारी काहींच्या असतात. पुष्कळांची काहीच तक्रार नसते. पथ्य काय करता, असे विचारल्यास उत्तर बहुधा ठरलेले: तूप बंद केले, तेल कमी केले. दिवसातून चार-पाच वेळा होणारा गोड चहा, त्यासोबतची खारी-बिस्किटे, रात्री उशिराचे जेवण आणि लगेच झोप, यांचा उल्लेख वैद्याने खोदून विचारल्याखेरीज होत नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेचाच विचार करावयाचा आहे.

फॅटी लिव्हर या नावाचा स्वतंत्र व्याधी संहितांत नाही. त्यास सरसकट यकृद्दाल्युदर म्हणण्याची घाईही करू नये. त्या व्याधीची अवस्था बरीच पुढची आहे. संप्राप्ती मात्र लावता येते. चरकाचार्यांनी विमानस्थानात रक्तवह स्रोतसांचे मूल यकृत व प्लीहा, तर मेदोवह स्रोतसांचे मूल वृक्क व वपावहन असे सांगितले आहे. एका स्रोतसातील धातू दुसऱ्याच्या मूलस्थानी साचू लागतो, तेव्हा स्रोतोदुष्टीच्या चार प्रकारांपैकी विमार्गगमन येथे प्रधान मानावे, असे माझे मत आहे. अग्निमांद्य व आमोत्पत्ती त्याच्या मुळाशी आहेतच.

हेतूंसाठी सूत्रस्थानातील संतर्पणीय अध्याय पुन्हा वाचावा. तेथे स्निग्ध आहाराबरोबरच मधुर, गुरु, पिच्छिल द्रव्ये, नवान्न, नवमद्य, गुळाचे व पिठाचे पदार्थ सांगितले आहेत. शिवाय दिवास्वाप, शय्यासनसुख आणि हालचालींचा कंटाळा. एवढ्या हेतूंतून आपल्या रुग्णाने एकच उचलला आहे, तोही सर्वांत सोयीचा.

आधुनिक संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. २००५ साली मोजक्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात यकृतातील मेदाचा उगम तपासला गेला. सुमारे ५९ टक्के मेद शरीरातील मेदसाठ्यातून सुटलेल्या मेदाम्लांपासून, २६ टक्के यकृताने स्वतः नव्याने तयार केलेला, आणि आहारातील स्नेहापासून थेट आलेला केवळ १५ टक्के आढळला. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. त्याचे पचन मुख्यतः यकृतातच होते आणि अतिरिक्त भागाचे मेदात रूपांतर होते. फळांचा गाळलेला रस आरोग्यदायी म्हणून ग्लासभर घेणाऱ्यासही हेच लागू आहे. अर्थात यावरून तुपाची मुक्त मुभा द्यावी, असा अर्थ कोणी काढू नये.

आपल्याकडील उपवास हा याच विषयाचा भाग आहे. लंघन म्हणून सोमवार-गुरुवार करणारा रुग्ण त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाणे आणि गोड दही खातो. नाव अपतर्पणाचे, कर्म संतर्पणाचे. त्याऐवजी मुगाचे कढण, ताक, वरी असा लघु आहार एकवेळ सुचवावा. इतर दिवशी जुन्या तांदळाचा मोजका भात, ज्वारी, नाचणी, यव, कुळीथ, पडवळ व आवळा यांची योजना घरच्या स्वयंपाकात सहज बसते. शरीरभाराच्या ५ टक्के घट झाल्यास यकृतातील मेद कमी होऊ लागतो. शोथ उतरण्यास साधारण ७ ते १० टक्के घट लागते. ही घट सावकाश व्हावी. कडक उपासमारीने झपाट्याने वजन उतरविल्यास यकृताचा शोथ वाढू शकतो व पित्ताशयात खडेही होतात.

रुग्ण कृश दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये. भारतीयांत पुरुषांचा कटिघेर ९० सेंटिमीटर व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास तो अधिक समजतात, वजन काहीही असो. बीजस्वभावाचाही वाटा आहे. मेद थोडा असता सोनोग्राफीत तो दिसतोच असे नाही. उलट ग्रेडवरून यकृतातील तंतुमयता कळत नाही; त्यासाठी वय, एसजीओटी, एसजीपीटी व प्लेटलेट यांवरून काढला जाणारा फिब-४ हा साधा अंक उपयोगी आहे. तो १.३ च्या खाली असल्यास प्रगत तंतुमयतेची शक्यता कमी, २.६७ च्या वर असल्यास रुग्णास यकृततज्ज्ञाकडे पाठवावे. पासष्टीपुढील रुग्णांत खालची मर्यादा २.० धरतात.

औषधांविषयी एकच मुद्दा मांडतो. मेदोहर म्हणून गुडूची आपण नित्य वापरतो. २०२१ साली मुंबईतून गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकृतीचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेऊन वनस्पतीची ओळख निश्चित केली नसल्याचे व सदृश जातीशी गल्लत झाली असण्याचे म्हटले. वाद काहीही असो, दक्षता आपली आहे. कच्चे द्रव्य ओळख पटल्याखेरीज घेऊ नये. रुग्ण स्वतःहून कोणते काढे, चूर्णे वा हळदीच्या गोळ्या घेतो, हे केसपेपरवर लिहावे. चिकित्सेपूर्वी यकृताच्या रक्तचाचण्या करून घ्याव्यात, सहा ते आठ आठवड्यांनी त्या पुन्हा कराव्यात. मध्यंतरी कामला, कंडू वा अरुची उद्भवल्यास सर्व कल्प त्वरित थांबवून त्याच दिवशी चाचण्या कराव्यात.