लॅपटॉपचा ताप व पंख्याचा आवाज



वैशाखाच्या दुपारीं आपल्या नगरांत पारा ४० अंशांच्या आसपास पोंचतो. अशा वेळीं कोणी विद्यार्थी लॅपटॉप गादीवर ठेवून संमेलनाचा व्हिडिओ जुळवूं लागला, कीं थोड्याच वेळांत पंखा घोंघावतो, यंत्र मंदावतें, आणि तो चिडून म्हणतो, "पंखा बिघडला!" वस्तुतः पंखा आपलें कर्तव्यच करीत असतो.

प्रोसेसर जी वीज घेतो, ती जवळजवळ सर्व अखेर उष्णतेंत परिणत होते. ती बाहेर नेण्यासाठीं बहुतेक लॅपटॉपांत तांब्याची चपटी नळी असते. तिच्यांतील हवा काढून किंचित् पाणी ठेवलेलें असतें. प्रोसेसरजवळच्या टोंकाशीं त्याची वाफ होते. पंख्यापुढील पातळ पत्र्यांपाशीं तिचें पुनः पाणी होऊन तें सच्छिद्र अस्तरांतून परत येतें. पत्र्यांवरील उष्णता पंखा वाऱ्याबरोबर बाहेर टाकतो.

पाण्याची ही शक्ति आपणांस अपरिचित नाहीं. येथील पाणचक्कीच्या मोठ्या हौदाचा तळ हेंच खालील दालनाचें छत आहे. म्हणून भर उन्हाळ्यांतहि तें दालन थंड राहतें. पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं उभारलेल्या 'परम ब्रह्म' महासंगणकाची उष्णताहि पाण्याच्याच साहाय्यानें वाहून नेली जाते.

परंतु पंखा यंत्रास खोलींतील हवेहून थंड करूं शकत नाहीं. प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश धरली, तर २० अंशांच्या हिंवाळी सकाळीं ७५ अंशांचें अंतर मिळतें. ४० अंशांच्या दुपारीं अवघें ५५. म्हणून त्याच कामासाठीं पंख्यास अधिक धांवावें लागतें. वेग दुप्पट केल्यास वारा दुप्पट मिळतो, पण वीज सुमारें आठपट लागते व आवाजहि फार वाढतो. तेवढ्यानेंहि भागलें नाहीं, तर प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो.

यावरून उपाय सुचतात. हवा घेणारीं छिद्रें बहुधा तळाशीं असतात. म्हणून लॅपटॉप लांकडी फळीवर ठेवून मागील बाजू दोन बोटें उचलावी. जाळींतील धूळ जाणत्याकडून काढवावी. विंडोजच्या वीजविषयक मांडणींत प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजीं ९९ टक्के केल्यास अनेक यंत्रांत वेगाची जादा उसळी थांबते. कामास थोडा अधिक वेळ लागतो, पण उष्णता पुष्कळ घटते. मोठें काम शक्यतों पहाटे करावें. यंत्र फ्रीजमध्यें ठेवणें किंवा त्यास ओलें फडकें लावणें सर्वथा टाळावें. ओल आंत शिरून विजेचे भाग बिघडतात. बॅटरी फुगलेली दिसल्यास यंत्र तत्काळ बंद करून वडील मंडळींस सांगावें.

एक प्रयोग करून पाहावा. एकच काम प्रथम गादीवर व यंत्र निवल्यानंतर फळीवर करून, पंखा मोठ्यानें वाजूं लागेपर्यंतचीं मिनिटें वहींत लिहावीं.

कित्येक घरांत एकच लॅपटॉप असून तो आईबापांनीं पोटास चिमटा घेऊन आणलेला असतो. धाकट्या भावंडांचा अभ्यासहि त्यावरच व्हावयाचा असतो. म्हणून पंख्याचा आवाज ही कटकट न मानतां सूचना मानावी, आणि प्रथम यंत्राचा भार हलका करावा. आवाज मग आपोआप निवेल.